हास्य आणि करुण यांचे वैर

बडोदे येथे २० फेब्रुवारी १९१९ रोजी गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’ या नाटकाचा पहिला प्रयोग केला. नाटककार राम गणेश गडकरी त्यापूर्वी २८ दिवस, २३ जानेवारी रोजी, सावनेर येथे निवर्तले होते. वयाची ३४ वर्षेही पुरी न झालेल्या या लेखकाचे हे नाटक रंगभूमीवर आले तेव्हा ते पाहावयास तो स्वतः नव्हता. बालगंधर्व सिंधू झाले होते आणि गणपतराव बोडस सुधाकर. पुढे ज्या नाटकाने महाराष्ट्राच्या अनेक पिढ्यांना रडविले, ते हे नाटक. परंतु याच नाटकाने तेवढेच हसविलेही आहे, ही गोष्ट आपण फारशी विचारात घेत नाही. एका घराचा सर्वनाश होत असताना त्याच्या शेजारच्या प्रवेशात तळीराम व त्याचे मद्यपी सोबती प्रेक्षकांना पोट धरून हसवितात. हे घडते कसे? आणि जे हसतात त्यांच्या हृदयात त्या वेळी सिंधूविषयीच्या कणवेचे काय होते?

हा प्रश्न एका नाटकापुरता नाही. मनुष्य का हसतो या सनातन प्रश्नाचीच ती एक कठीण बाजू आहे. आणि योगायोग असा की, तिचा विचार करताना बडोद्याचे नाव तीनदा घ्यावे लागते.

आमच्या साहित्यशास्त्राने हास्याकडे दुर्लक्ष केले नाही. भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्याला शृंगारानंतरचे स्थान दिले व शृंगाराच्या अनुकृतीतून तो उत्पन्न होतो असे सांगितले. विपरीत वेष, विपरीत अलंकार, धार्ष्ट्य, लोलुपता, असंबद्ध बडबड, अंगातील व्यंग हे त्यांनी सांगितलेले हास्याचे विभाव. स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित व अतिहसित अशा सहा पायऱ्या लावून त्यांतील दोन-दोन उत्तम, मध्यम व अधम प्रकृतींना त्यांनी वाटून दिल्या. या वर्गीकरणापेक्षाही महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा आणखी एक भेद : आत्मस्थ हास्य आणि परस्थ हास्य. मनुष्य स्वतः हसतो ते आत्मस्थ, दुसऱ्याला हसवितो ते परस्थ. या दोन शब्दांना पुढील काळाने जो अधिक अर्थ मिळवून दिला, त्याकडे आपल्याला शेवटी वळावयाचे आहे.

यानंतर सुमारे इसवी सन १००० च्या सुमारास अभिनवगुप्तांनी एक मूलगामी विचार मांडला. हास्याचे बीज अनौचित्यात आहे आणि हे अनौचित्य कोणत्याही रसात शिरू शकते, असे ते म्हणतात. ज्याच्याशी आपला काही संबंध नाही अशा माणसासाठी कोणी ऊर बडवून शोक करू लागला, तर तो शोकही हास्यास्पद होतो. म्हणजे हास्याची सीमा करुणाला लागूनच आहे. तथापि चौदाव्या शतकातील विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त रसांचे शत्रुमित्र ठरविताना भयानक व करुण हे दोन्ही हास्याचे विरोधी ठरविले. शाळा-महाविद्यालयांतून आपण जो रसविचार शिकवितो त्यात बहुधा हाच निवाडा असतो.

पश्चिमेकडील विचारवंत निराळ्या वाटांनी आले आणि पुष्कळसे याच मुक्कामाला पोचले. ॲरिस्टॉटलच्या मते हास्यास्पद गोष्ट म्हणजे असा दोष वा कुरूपता की जिने कोणाला वेदना होत नाही. वेदना आली की हास्य संपले. हॉब्जने १६५१ साली दुसऱ्याच्या न्यूनाच्या तुलनेत स्वतःच्या श्रेष्ठत्वाची जी अकस्मात जाणीव होते, तिच्यात हास्याचे मूळ पाहिले. कांटने १७९० मध्ये ताणलेली अपेक्षा एकाएकी शून्यात विरते तेथे हास्य उद्भवते असे सांगितले. स्पेन्सरने १८६० साली साठलेली चेतनाशक्ती वाट फुटेल तिकडे वाहून जाते, अशी शरीरशास्त्रीय उपपत्ती दिली. बर्गसाँने १९०० साली आपल्या ‘हास्य’ या निबंधात जिवंत माणूस यंत्रासारखा वागू लागला म्हणजे आपण हसतो, हे सुंदर उदाहरणांनी पटवून दिले. आणि हसण्यासाठी हृदयाला क्षणभर बधिरता यावी लागते अशी अटही घातली. श्रेष्ठता, विसंगती, सुटका या तीन उपपत्तींपैकी कोणतीही घ्या, करुणेला दाराबाहेर उभे केल्यावाचून हास्याचा खेळ सुरू होत नाही असे त्यांतील बहुतेकांचे म्हणणे दिसते.

या अटीला मराठी विनोदाचा इतिहास कितपत मान्यता देतो?

आधुनिक मराठीतील पहिले हास्य चाबकासारखे आहे. जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. दक्षिणा प्राइझ कमिटीकडे ते गेले. परंतु स्वीकारले गेले नाही आणि शंभरावर वर्षे अप्रकाशितच राहिले. त्यात एक जोशी एका कुणबी स्त्रीला व तिच्या नवऱ्याला ग्रहांची भीती घालून नागवितो आणि मध्ये मध्ये विदूषक येऊन त्या फसवणुकीवर प्रेक्षकांशी बोलतो. संस्कृत नाटकातील विदूषक स्वतः ब्राह्मण आणि राजाच्या पंक्तीचा असे. त्याच्या खादाडपणाला सारी सभा हसे, पण त्या हसण्याने कोणाच्या सत्तेला धक्का लागत नसे. फुल्यांनी नाव तेच ठेवले आणि माणूस बदलला. येथे विदूषक नागविल्या जाणाऱ्याच्या बाजूने उभा आहे. त्याच्या प्रत्येक टोमण्यामागे त्या कुणबी कुटुंबाविषयीची तळमळ आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे बर्गसाँची अट येथेच अडखळते. फसविणाऱ्यापुरते हृदय बधिर झाले असेल. फसलेल्यासाठी ते अधिकच जागे आहे.

गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदा’ नाटकाची गोष्ट याच जातीची. १८९९ साली इंदूर येथे हे नाटक प्रथम रंगभूमीवर आले. मरणाच्या वाटेवर असताना बोहल्यावर चढावयास निघालेला भुजंगनाथ, पैशासाठी मुलगी विकावयास काढणारा कांचनभट आणि मध्यस्थी करणारा भद्रेश्वर दीक्षित या तिघांना प्रेक्षक मनसोक्त हसतो. पण हसण्याचा हा सारा खेळ एका कोवळ्या मुलीच्या आयुष्यावर चालला आहे, याचे भान देवल एक क्षणही सुटू देत नाहीत. शारदा जीव द्यावयास निघते तेथपर्यंत हे हास्य प्रेक्षकाला नेऊन पोचविते. भुजंगनाथाला हसणे हीच तेथे शारदेची बाजू घेण्याची रीत आहे.

या दोन्ही उदाहरणांत हास्य आणि कणव एकत्र नांदतात खरी, पण त्यांची घरे वेगळी आहेत. हसावयाचे ते एकाला आणि कळवळावयाचे ते दुसऱ्यासाठी. साहित्यशास्त्राला याची माहिती होती. आनंदवर्धनांनी ‘ध्वन्यालोका’त विरोधी रसांचा मेळ कसा घालावा हे सांगताना आश्रयभेदाची युक्ती दिली आहे : दोन विरोधी रसांचे आश्रय निरनिराळे ठेवले म्हणजे त्यांचा विरोध मावळतो. देवलांपर्यंतचा आपला विनोद या एका युक्तीने समजावून देता येतो.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांपाशी येताच प्रकरण जरा गुंतागुंतीचे होते. वऱ्हाडात वकिली करणाऱ्या कोल्हटकरांनी १९०२ सालापासून ‘विविधज्ञानविस्तारा’त विनोदी लेख लिहावयास आरंभ केला. १९१० साली ते ‘सुदाम्याचे पोहे अर्थात अठरा धान्यांचे कडबोळे’ या नावाने ग्रंथरूप झाले व १९२३ मध्ये त्यांची संख्या वाढून ‘साहित्य बत्तिशी’ झाली. शिमगा, श्रावणी, रूढी, भाबड्या समजुती असे त्यांचे विषय. पण कोल्हटकर रूढीवर सरळ कोरडे ओढीत नाहीत. ते सुदामा नावाच्या एका गृहस्थाला बोलावयास लावतात आणि बंडूनाना व पांडूतात्या हे त्याचे दोन स्नेही जोडीला देतात. हे त्रिकूट रूढीचे समर्थन इतक्या निष्ठेने करते की समर्थनातूनच तिचा फोलपणा उघडा पडावा. येथे मूर्ख कोण? जो बोलतो आहे तोच. आणि तो प्रथमपुरुषी एकवचनी बोलतो आहे. वाचक ‘मी’ या शब्दाबरोबर नकळत त्या मूर्खपणाच्या आत शिरतो आणि हसून बाहेर येतो. मराठी विनोदात हसणारा व हसण्याचा विषय यांच्यामधली भिंत प्रथम येथे पातळ झाली. मात्र सुदामा हा लेखकाने मुद्दाम पांघरलेला वेष आहे, हे वाचकाला पदोपदी जाणवते. बुद्धी चमकते, कोटी खुलते. मन ओले होत नाही.

गडकरी कोल्हटकरांना गुरू मानीत. जन्म नवसारीचा, म्हणजे त्या वेळच्या बडोदे राज्यातला. गुरूची कोटिबाज प्रतिभा शिष्याने उचलली आणि ‘बाळकरामा’च्या लेखांत ती दुपटीने उधळली. परंतु ‘एकच प्याला’त त्याने जे केले ते गुरूने केलेले नव्हते.

तळीराम हा सुधाकराचा कारकून. सनद काही काळ रद्द झाल्यामुळे अपमानाने पोळलेल्या सुधाकराच्या हाती पहिला पेला देणारा तोच. आर्य मदिरा मंडळात तो दारूची तरफदारी करतो ती एखाद्या शास्त्र्याने पूर्वपक्ष-उत्तरपक्ष करावा तशी. युक्तिवादाची चौकट निर्दोष, शब्दांची शिस्त पक्की, आणि आत भरलेला माल मात्र मद्याचा. अभिनवगुप्तांचे अनौचित्य, कांटची फसलेली अपेक्षा, बर्गसाँचे यंत्रवत वर्तन ही सर्व लक्षणे तळीरामाला लागू पडतात. शास्त्रीय दृष्टीने हसू का येते ते येथे संपूर्ण समजते. न समजणारी गोष्ट पुढची आहे.

तळीरामाला हसावयाचे आणि सिंधूसाठी रडावयाचे असा आश्रयभेद येथे करता येत नाही, कारण दोहोंच्या मध्ये सुधाकर उभा आहे. जो युक्तिवाद तळीरामाच्या तोंडी ऐकून आपण हसलो, त्याच जातीचा युक्तिवाद सुधाकर स्वतःशी करू लागतो : फक्त एकच, फक्त आज, फक्त या दुःखापुरता. शब्दांची जात तीच आहे, पण आता हसू येत नाही. दळण दळून मुलाचे पोट भरणारी सिंधू समोर आहे. अखेरीस तान्ह्या बाळाचा व तिचा घात सुधाकराच्याच हातून होतो आणि मरतानाही ती नवऱ्याला वाचविणारी जबानी देते. विनोदी प्रवेश वगळले असते तर शोकांतिका अधिक सलग झाली असती, असा आक्षेप या नाटकावर घेता येईल. मला तो पटत नाही. तळीरामाच्या प्रवेशात आपण हसलो त्या क्षणी आपण त्याच्या मंडळाचे सभासद झालो होतो. त्याचे तर्कट आपल्याला आवडले, त्याची संगत आपल्याला रुचली. नंतर घर कोसळते तेव्हा ‘हे दुसऱ्या कोणाचे पाप’ असे म्हणण्याची सोय आपल्याला उरत नाही. सुधाकर कसा फसला हे तर्काने समजावून घ्यावे लागत नाही. आपणही तसेच, हसत हसत, फसलो होतो. एरवी करुण रस प्रेक्षकाला कणव देतो. हास्याच्या वाटेने आलेला हा करुण कणवेबरोबर त्याला वाटेकरीही करतो. विश्वनाथाने वैरी म्हणून दाखविलेले दोन रस येथे एकमेकांचे काम करतात.

या अनुभवाची उपपत्ती दोनच वर्षांनी आणि बडोद्यातच मांडली गेली, हा आपल्या वाङ्मयेतिहासातला मोठा सुखद योग आहे. १९२१ साली बडोदे येथे भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष नरसिंह चिंतामण केळकर होते. ‘सुभाषित आणि विनोद’ हा त्यांचा ग्रंथ १९०८ सालीच प्रसिद्ध झालेला असून मराठीत हास्याची पद्धतशीर मीमांसा त्यांच्यापासून सुरू होते. बडोद्याच्या भाषणात त्यांनी सविकल्प समाधीचा सिद्धांत सांगितला. योग्याच्या निर्विकल्प समाधीत ‘मी’ उरत नाही. वाङ्मय वाचताना मात्र मनुष्य दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो आणि तरीही स्वतः स्वतःच राहतो. ही दुहेरी अवस्था हेच वाङ्मयानंदाचे रहस्य होय, असा त्याचा आशय. शोककथेतून आनंद कसा मिळतो या प्रश्नाला उत्तर म्हणून या सिद्धांताची चर्चा बहुधा होते. मला वाटते, तो हास्यालाही तितकाच लागू आहे. केवळ विकल्प असेल, म्हणजे ‘तो तो आणि मी मी’ एवढेच भान असेल, तर हॉब्जचे श्रेष्ठत्वाचे हास्य उरते. केवळ समाधी असेल तर आपण त्या माणसाच्या दुःखात बुडून जाऊ व हसणार नाही. दोन्ही एकदम असतील तेव्हाच, आपण त्याला हसतो आणि तो आपणच आहोत हेही जाणतो. आश्रयभेदाने न सुटणारी गाठ येथे सुटते.

अशा हास्याचा संपूर्ण आविष्कार व्हावयास आणखी काही वर्षे लागली. तोही बडोद्यातच झाला. बडोदे कॉलेजात पालीचे अध्यापन करणारे चिंतामण विनायक जोशी (१८९२-१९६३) हे गंभीर पंडित होते. पटिसंभिदामग्गावरील ‘सद्धम्मप्पकासिनी’ ही अट्ठकथा त्यांनी लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीसाठी तीन भागांत संपादित केली. याच लेखणीतून १९३२ साली ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ व १९३३ साली ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ बाहेर पडले. चिमणराव हा भित्रा, सरळ, थोडा प्रतिष्ठेचा भुकेला मध्यमवर्गीय गृहस्थ. घरी काऊ व मुले, जोडीला आडदांड गुंड्याभाऊ. लग्न जमविण्याची यातायात, पाहुणचार, प्रवास, नोकरी यांपलीकडे त्याच्या आयुष्यात काही घडत नाही. आणि जे घडते त्यात त्याची फजिती ठरलेली. ही फजिती तो स्वतःच सांगतो.

सुदामा व चिमणराव दोघेही ‘मी’ म्हणतात. पण सुदाम्याच्या ‘मी’मागे लेखक मिस्कीलपणे उभा असतो, चिमणरावाचा ‘मी’ खराखुरा आहे. आपण हास्यास्पद झालो हे त्याला पुरते उमगतेच असे नाही, पण तो काही लपवीतही नाही. म्हणून त्याला हसताना आपल्याला श्रेष्ठत्व वाटत नाही. महिनाअखेरची त्याची चिंता ही आपलीच चिंता असते. फ्रॉइडने १९२७ साली विनोदवृत्तीविषयी लिहिताना म्हटले आहे की, दुःखाने चिरडले जाण्याचे नाकारणारे मन मोठ्या माणसाने लहान मुलाला समजवावे तसे स्वतःला हसून समजाविते. चिमणरावाच्या कथा वाचताना हे समजाविणे आपल्या बाबतीत घडते. मास्टर विनायकांनी ‘लग्न पहावे करून’ (१९४०) व ‘सरकारी पाहुणे’ (१९४२) या चित्रपटांतून आणि पुढे दूरदर्शनने मालिकेतून ही माणसे घरोघर नेली. १९५८ च्या ‘बटाट्याच्या चाळी’त पु. ल. देशपांड्यांनी हीच वाट अधिक रुंद केली. भरतमुनींच्या आत्मस्थ हास्याला असा नवा अर्थ मिळाला : जो स्वतःला सोडून हसत नाही त्याचे हास्य. पाली अभिधम्मात अर्हताच्या स्मिताला कारण होणाऱ्या चित्ताला ‘हसितुप्पाद’ असे स्वतंत्र नाव आहे. ज्याला कोणाहून श्रेष्ठ ठरावयाचे उरलेले नाही अशाही माणसाला हसू येते, हे त्या शास्त्राने मान्य केले. पालीच्या या प्राध्यापकाच्या विनोदाविषयी लिहिताना त्या शब्दाची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

आधुनिक शास्त्रानेही या बाजूला थोडे माप टाकले आहे. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन शास्त्रज्ञाने लोकांच्या नित्याच्या संभाषणातील हसणे टिपून ठेवले, तेव्हा असे आढळले की बहुतेक हसू विनोदी वाक्यावर येतच नाही. ते अगदी साध्या बोलण्याच्या पाठोपाठ येते. एकटा असता मनुष्य जेवढा हसतो त्याच्या सुमारे ३० पट तो इतरांच्या संगतीत हसतो. म्हणजे हसणे हे प्रथम ‘आपण एकत्र आहोत’ असे सांगणे आहे. प्रश्न एवढाच राहतो की, या ‘आपण’मध्ये कोणाला घ्यावयाचे आणि कोणाला वगळावयाचे.

हा प्रश्न आपल्यासारख्या बाहेरच्या प्रांतांतील मराठी माणसांना अपरिचित नाही. बडोद्याच्या मराठीतील गुजराती वळण, ग्वाल्हेर-इंदूरकडील हिंदीची छाया, बेळगावकडचा कानडी हेल यांना हसणारे लोक आपण पाहिले आहेत. लहानपणी पुण्याच्या एका लग्नघरात माझ्या तोंडून एक गुजराती वळणाचे वाक्य गेले आणि सारी पंगत हसली. त्या हसण्यात द्वेष नव्हता. पण त्या ‘आपण’मध्ये मी नव्हतो, एवढे मला कळले व उरलेले जेवण मी मुकाट्याने उरकले. पुढे शिक्षक झाल्यावर खेड्यातून आलेल्या एका मुलाच्या उच्चारावर वर्ग हसला आणि मीही हसलो, तेव्हा ती पंगत मला आठवली नाही. आठवावयास हवी होती. समर्थांनी विनोदाची आवड टवाळाच्या पदरी बांधली, त्यांच्या डोळ्यांपुढे अशीच हास्ये असली पाहिजेत.

म्हणून हास्य आणि करुण यांचे वैर स्वभावसिद्ध आहे असे मला म्हणवत नाही. ते वैर आपण निर्माण करतो, हसणाऱ्यांच्या घोळक्यातून स्वतःला बाजूला काढतो तेव्हा. फुल्यांचा विदूषक दुर्बळाच्या बाजूला गेला, कोल्हटकरांनी मूर्खाला ‘मी’ म्हणावयास लावले, गडकऱ्यांनी प्रेक्षकाला मद्यप्यांच्या बैठकीत बसविले आणि जोश्यांनी शेवटी ‘मी’ला घरचा माणूस करून टाकले. सुमारे पाऊणशे वर्षांत मराठी विनोद एवढे अंतर चालला. वर्गात चिमणरावाची एखादी गोष्ट वाचून दाखविताना मुले खळखळून हसतात, तेव्हा आपणही हसावे. फक्त आपण कोठे बसून हसत आहोत, एवढे शिक्षकाने एकदा पाहून घ्यावे.